हसूरचंपूचे डॉ. घाटगे: विमान आपल्या माणसानं आखलं, इंजिनासाठी मात्र हात पसरावे लागले

बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज भागातली शेकडो मुलं आज नोकरीसाठी बंगळूरला आहेत. त्यातली बरीच जण जुन्या विमानतळाच्या बाजूनं, एचएएलच्या परिसरातून रोज जातात-येतात. तिथल्या एका रस्त्याला सुरंजन दास यांचं नाव आहे. एचएएलच्या मोठ्या सभागृहाला डॉ. व्ही. एम. घाटगे यांचं नाव आहे. दास हे विमानाची पहिली चाचणी घेणारे पायलट. घाटगे हे विमान कागदावर आखणारे इंजिनिअर. पण हे घाटगे आपल्याच भागातले, निपाणीपासून तासाभराच्या अंतरावरच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावचे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

भारतात आखलेलं आणि भारतात मोठ्या संख्येनं बनलेलं पहिलं विमान ज्यांच्या नावावर आहे, त्या विष्णू माधव घाटगे यांची ही गोष्ट. विमान आखता येतं, पंख जमतात, सांगाडा जमतो, पण इंजिनाच्या पोटातली आग सांभाळणं वेगळंच, हा धडा देशाला त्यांच्याच काळात मिळाला. त्यामुळे त्यांची गोष्ट सांगताना इंजिनातली उष्णता आणि ती मोजायची साधनं यांच्याबद्दलही बोलावं लागतं.

हिरण्यकेशीकाठ ते ग्योटिंगेन

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. तेव्हा हा मुलूख कोल्हापूर संस्थानात होता आणि गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. गडहिंग्लज आणि संकेश्वर ही दोन्ही गावं एकाच हिरण्यकेशी नदीच्या काठची. आज मधून राज्याची हद्द जाते, पण तेव्हा बाजार, सोयरिकी, बोली सगळं एकच होतं. गावाकडचं जग म्हणजे ऊस, मिरची, तंबाखू आणि बैलगाडी. राइट बंधूंनी पहिलं विमान उडवून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. विमान ही पेपरात वाचायची गोष्ट, तीसुद्धा ज्याच्या घरी पेपर येतो त्यानं.

मुंबई विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर घाटगे जर्मनीला गेले. ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. प्रांटल हे साधं नाव नव्हे. हवा एखाद्या पृष्ठावरून वाहते तेव्हा पृष्ठाला चिकटलेला तिचा पातळ थर वेगळाच वागतो, ही गोष्ट त्यांनी १९०४ मध्ये मांडली आणि आजचं सगळं विमानशास्त्र त्या पायावर उभं राहिलं. जगभरातली हुशार मुलं त्यांच्याकडे यायची.

ग्योटिंगेनला हवेचा वेग मोजायची एक पद्धत वापरात होती. केसापेक्षा बारीक तार विजेनं तापवायची आणि वाऱ्यात धरायची. वारा जोरात असेल तर तार जास्त गार होते, गार झाली की तिचा विजेला होणारा विरोध बदलतो. त्या बदलावरून वाऱ्याचा वेग काढायचा. म्हणजे उष्णता मोजून हवा ओळखायची. हवा आणि उष्णता हे दोन वेगळे विषय नाहीत, ही समज या शाळेत विद्यार्थ्याच्या अंगात मुरायची. पुढे इंजिन असलेलं विमान आखताना तिचाच उपयोग होतो.

तो काळ जर्मनीत बरा नव्हता. हिटलर सत्तेवर आला होता आणि १९३३ पासून ग्योटिंगेनमधल्या ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं जात होतं. जगातलं एक नामांकित विद्यापीठ डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. अशा वर्षांत घाटगे यांनी आपलं काम पुरं केलं आणि ते मायदेशी परतले.

सोलापूरच्या शेठजींचा कारखाना

घाटगे परतले तेव्हा देशात विमानाचा कारखाना नव्हता. तो उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली गेली. म्हैसूर सरकारनं २५ लाख रुपये घातले. पुढच्या वर्षी भारत सरकारही तेवढीच रक्कम घालून भागीदार झालं आणि १९४२ मध्ये, जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर, सरकारनं कारखाना आपल्या ताब्यातच घेतला. त्याच १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं आपल्या बेळगावजवळ सांबऱ्याची धावपट्टी बांधली.

सुरुवातीला कारखान्यात काम होतं ते अमेरिकन विमानं जुळवायचं आणि दुरुस्त करायचं. नकाशे त्यांचे, सुटे भाग त्यांचे, हात आपले. पण अगदी सुरुवातीच्या काळात कंपनीत आलेल्या घाटगे यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. युद्धाच्या धामधुमीतच त्यांनी दहा माणसं बसतील असं एक ग्लायडर आखलं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. या आखणीच्या कामाची सुरुवात इंजिनाशिवाय झाली, हे पुढचा इतिहास बघता लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच वर्षांत त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिथं, डिसेंबर १९४२ मध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा घाटगे यांच्याकडे होती. कारखाना आणि वर्ग दोन्ही एकाच माणसानं सांभाळले. इंजिनिअर बाहेरून आणण्यापेक्षा इथंच घडवायचे, हा त्यामागचा हिशोब होता आणि तो बरोबर ठरला. पुढची काही दशकं देशातल्या विमान उद्योगाला माणसं पुरवली ती या विभागानंच.

पहिलं विमान

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला शिकाऊ पायलटांसाठी विमान हवं होतं. जुनी टायगर मॉथ विमानं थकली होती. घाटगे यांच्या पथकानं एचटी-२ आखलं. पुढं-मागं दोन सीटा, खाली पंख, समोर एक पंखा. ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. पुढं दीडशेहून जास्त एचटी-२ विमानं तयार झाली. हवाई दलाच्या पायलटांच्या कितीतरी तुकड्या जवळपास तीन दशकं याच विमानावर शिकल्या. आफ्रिकेतल्या घाना देशाच्या नव्या हवाई दलानंही ती वापरली. १९५१ चा विचार करता हे लहान काम नव्हतं. देशात तेव्हा सायकलींचे कारखानेसुद्धा बोटांवर मोजण्याइतके होते.

पण इंजिन ब्रिटिश होतं. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर, नंतर सिरस मेजर. दोन्ही चार सिलिंडरची, एकामागं एक रांगेत बसवलेली आणि हवेनं थंड होणारी.

अशा इंजिनाची एक खोड असते. पहिल्या सिलिंडरला ताजी, गार हवा मिळते. मागच्याला पुढच्यांना लागून तापलेली हवा मिळते. काही केलं नाही तर मागचा सिलिंडर आधी करपतो. म्हणून आवरणाच्या आत पत्र्याचे आडोसे असे बसवावे लागतात, की प्रत्येक सिलिंडरला बाजूनं स्वतंत्र हवा मिळावी. हवा कुठून आत घ्यायची, कुठं वळवायची, कुठून बाहेर सोडायची हे विमान आखणाऱ्यानं ठरवायचं असतं. इंजिन दुसऱ्याचं असलं तरी ते गार ठेवायची जबाबदारी आखणाऱ्याची. आणि ते नीट गार राहतंय की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आग मोजायची कशी?

गडहिंग्लज, कागल, निपाणीच्या लोकांना हे समजावून सांगायला गुऱ्हाळापेक्षा चांगलं उदाहरण नाही. चुलवाणावर काहील ठेवलेली असते, रस उकळत असतो. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. पाक पाण्यात सोडून गोळी बघतो, बुडबुड्यांचा रंग बघतो आणि सांगतो, उतरवा. जरा लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. सगळं त्या थोड्या अंशांवर.

विमानाच्या इंजिनात गुळव्याला उतरता येत नाही. तिथं त्याची जागा घेतो थर्मोकपल. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम केलेल्यांना हे साधन नवीन नाही. भट्टीतला लोखंडाचा रस ओतायला तयार झाला का, हे बघायला जी लांब दांडी रसात बुडवतात, तिच्या टोकाला थर्मोकपलच असतं.

त्यामागचं तत्त्व १८२१ साली जर्मन शास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांना सापडलं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडायच्या. ते टोक तापलं आणि दुसरी टोकं गार राहिली, की तारांत अगदी थोडा विजेचा दाब तयार होतो. टोक जितकं गरम, तितका दाब जास्त. विमानात सर्रास वापरतात ती जोडी म्हणजे क्रोमेल आणि अल्युमेल. दोन्हीत मुख्य धातू निकेल, एकात क्रोमियम मिसळलेलं, दुसऱ्यात अॅल्युमिनियम आणि इतर काही. या जोडीत एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. टोक ६०० अंश सेल्सिअसला आणि दुसरी टोकं शून्याला असतील तर दाब येतो जेमतेम २५ मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलचा साठावा हिस्सा. पण तेवढ्यावर काटा हलतो. जुन्या विमानांत तर या काट्याला बॅटरीही लागत नसे. आगच स्वतःचा आकडा स्वतःच्या ताकदीवर दाखवायची.

यात काळजीच्या गोष्टी बऱ्याच. तार इंजिनापासून पायलटच्या समोरच्या घड्याळापर्यंत न्यायची तर मध्येच साधी तांब्याची तार जोडून चालत नाही. त्याच जातीच्या धातूची लागते, नाहीतर प्रत्येक सांध्यावर नवा दाब तयार होऊन आकडा चुकतो. शिवाय थर्मोकपल मोजतं तो दोन टोकांमधला फरक. म्हणून गार टोकाचं तापमान किती, तेही धरावं लागतं. बंगळूरची सकाळ आणि राजस्थानची दुपार, दोन्हीकडे आकडा खरा यायचा तर हा हिशोब ठेवावाच लागतो.

पंख्याच्या इंजिनात हे टोक सिलिंडरच्या डोक्यावर, बऱ्याचदा स्पार्क प्लगखालच्या वॉशरच्या रूपात बसवतात. जेट इंजिनात मात्र प्रश्न अवघड होतो. जिथं इंधन जळतं तिथं आग दोन हजार अंशांच्या घरात जाते. तिथं प्रोब टिकत नाही. म्हणून तो मागे, टर्बाइनमधून वायू बाहेर पडल्यावर, जेट पाइपमध्ये बसवतात आणि मागच्या आकड्यावरून पुढं काय चाललंय ते ओळखतात. पाइपच्या घेरात सगळीकडे उष्णता सारखी नसते, म्हणून एकच प्रोब न लावता अनेक प्रोब गोलाकार लावून एकत्र जोडतात. पायलटला दिसते ती सरासरी. एखादा प्रोब तुटला तरी बाकीचे चालू राहतात. पण सरासरीचा एक धोका असतो. एका बाजूला इंधनाचा फवारा बिघडून वायू जास्त तापला, तरी आकडा ठीकठाक दिसू शकतो. म्हणून मेकॅनिकला प्रत्येक प्रोब वेगळा तपासावा लागतो.

एवढा आटापिटा का? कारण टर्बाइनची पाती लालभडक होऊन मिनिटाला हजारो फेरे फिरत असतात. अशा स्थितीत धातू हळूहळू ताणला जातो. मर्यादेच्या वर दहा-पंधरा अंश सतत गेले, तर पात्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. म्हणजे विमानाचा जोर, वेग, इंजिनाचं आयुष्य आणि पायलटचा जीव, सगळं एका तापमानाच्या रेषेवर टांगलेलं असतं.

पुष्पक, कृषक आणि किरण

एचटी-२ नंतर घाटगे थांबले नाहीत. १९५८ मध्ये पुष्पक उडालं. दोन सीटांचं हे हलकं विमान देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेलं. १९५९ मध्ये कृषक आलं, ते सैन्याला टेहळणीसाठी उपयोगी पडलं. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण हे जेट ट्रेनर पहिल्यांदा उडालं. पंख्यावरून थेट जेटवर जाणाऱ्या पायलटांसाठी मधली पायरी म्हणून ते आखलं होतं. सूर्यकिरण पथकाच्या २०११ पर्यंतच्या कसरती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी या विमानाची पुढची आवृत्ती आकाशात पाहिली आहे. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्या विमानांचं इंजिन परदेशी बनावटीचं. पुष्पक आणि कृषकचं अमेरिकन, किरणचं ब्रिटिश. शिकाऊ आणि हलक्या विमानांत ते खपून गेलं, कारण तयार इंजिन मिळत होतं. लढाऊ विमानात मात्र हे खपलं नाही.

मरुतचं अडलेलं गणित

१९५६ मध्ये, ज्या वर्षी बेळगाव-निपाणी भाषावार रचनेत म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वर्षी जर्मन विमानकार कुर्ट टांक आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले. भारतासाठी स्वनातीत लढाऊ विमान आखायचं काम त्यांना दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी नावाजलेली विमानं आखणारा हा माणूस जिथं काम करायला आला, ती आखणीची शाळा घाटगे यांनी दीड दशक खपून उभी केली होती. एचटी-२ वर हात बसलेले भारतीय इंजिनिअर नसते, तर मूठभर जर्मनांकडून एवढं काम होणं शक्य नव्हतं.

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी एचएफ-२४ मरुत पहिल्यांदा उडवलं. सांगाडा देखणा आणि सरस होता. आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न होतं. पण ते स्वप्न ज्या ब्रिटिश ऑर्फियस १२ इंजिनावर बेतलं होतं, ते इंजिन कधी आलंच नाही. ते इंजिन रीहीट लावल्यावर ८,१७० पौंड जोर देणार होतं. ब्रिटनला स्वतःला त्याची गरज उरली नाही, कंपनीनं पुढच्या विकासाचा खर्च भारताकडे मागितला आणि दिल्ली तयार झाली नाही. मग हाताशी असलेलं ऑर्फियस ७०३ बसवलं. त्याचा जोर ४,८५० पौंड. हिशोब सरळ आहे. प्रत्येक इंजिनामागे चाळीस टक्के जोर कमी, आणि विमानात दोन इंजिनं. मरुत आवाजाच्या वेगाच्या आसपासच अडकून राहिलं.

वाटा शोधायचा प्रयत्न झाला. १९६७ मध्ये इजिप्तमध्ये तिथलं नवं इंजिन मरुतला लावून उडवून पाहिलं, पण तो प्रकल्पच बारगळला. बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेनं ऑर्फियस ७०३ ला रीहीट जोडायचं काम घेतलं. रीहीट म्हणजे टर्बाइनच्या मागे, जेट पाइपमध्ये, पुन्हा इंधन जाळायचं. जोर वाढतो, पण मागचं तोंड त्याच वेळी नेमकं तेवढंच उघडावं लागतं. नाही उघडलं तर दाब मागं ढकलला जातो आणि टर्बाइनचं तापमान चढतं. अशा कामात जेट पाइपमधल्या त्या बोटभर प्रोबवर सगळ्यांचे डोळे असतात. १० जानेवारी १९७० रोजी रीहीट बसवलेलं मरुत उडवताना ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा अपघातात मृत्यू झाला. ज्या पायलटनं मरुत आणि किरण दोन्ही पहिल्यांदा हवेत नेली, तो गेला. रीहीटचं मरुत पुढं हवाई दलात आलंच नाही.

तरीही १९७१ च्या युद्धात मरुतनं राजस्थान सीमेवर चांगली कामगिरी केली. एकूण १४७ विमानं बनली. १९९० मध्ये शेवटची निवृत्त झाली.

मागं राहिलेलं

डॉ. घाटगे यांचं निधन ६ डिसेंबर १९९१ रोजी झालं. मरुत हवाई दलातून गेल्यावर दुसऱ्याच वर्षी. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावानं पुरस्कार देते. त्यांनी सुरू केलेला विभाग आजही विद्यार्थी घडवतो.

त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर जमेची बाजू भरभक्कम आहे. इंजिन नसलेल्या ग्लायडरपासून जेटपर्यंत दोन तपांत देश पोचला. खर्चाची बाजू एकच, पण जड. इंजिनाचा गरम भाग आपल्या हातात आला नाही. आजचं तेजससुद्धा अमेरिकन इंजिनावर उडतं आणि ती इंजिनं वेळेवर आली नाहीत की विमानं अडकून पडतात. पात्याचा धातू किती अंश सोसतो, ते मोजायचं कसं, मोजल्यावर त्या मर्यादेत इंजिन चालवायचं कसं, ही विद्या कोणी विकत देत नाही. ती वर्षानुवर्षं पैसे घालून, पाती जाळून, प्रोब वितळवून स्वतःच शिकावी लागते. साठ वर्षांपूर्वी तो खर्च परवडला नाही, त्याचं व्याज अजून भरणं चालू आहे.

आज हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये परदेशी विमानांचे सुटे भाग तयार होतात. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आहेत, भट्टीचा रस थर्मोकपलनं मोजणारे कामगार आहेत. हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी शेकडो मुलं बाहेर पडतात. त्यांच्या वर्गात प्रांटलचं नाव येतं, टांकचंही येतं. हसूरचंपूच्या घाटगे यांचंही यायला हवं. संकेश्वरहून गडहिंग्लजला जाणाऱ्या त्या मुलुखातल्या माणसानं विमान आखून दाखवलं. राहिलेलं अर्धं काम, म्हणजे इंजिनाच्या पोटातली आग आपल्या मुठीत आणायचं काम, अजून कुणीतरी पुरं करायचं आहे.